कट्

बोली ऐन रंगात असताना माझी खालची कवळी निसटली
आणि राजापुरीच्या ढिगात पडली.
साडेतेरा हजारावर होतो.
तोंडातून "चौदा"ऐवजी नुसती वाफ आली.
मल्लू हमालानं कवळी उचलली, सदऱ्याला पुसली, दिली.
पिवळीधम्मक.
कोणी हसलं नाही, हीच खरी पंचाईत.

चाळीस वर्षं हळकुंड दातानं तोडून मी भाव सांगितला.
रंग काय, कुणीही बघतो.
मला आवाज लागतो.
नीट शिजलेलं, नीट वाळलेलं हळकुंड
कट् म्हणतं, एकदाच,
पुढं काही बोलत नाही.
ओल राहिली असेल तर चामड्यासारखं लवतं,
आणि माल आणणारा माणूस दुसरीकडं बघतो.

मिरजेला डॉक्टर मुजावर बाईंनी माझं डोकं यंत्रात धरलं.
यंत्र एक प्रदक्षिणा घालून थांबलं.
मग पडद्यावर मी:
मिशा नाहीत, अदगोंडा चौगुले हे नाव नाही,
नुसती झिजलेली कमान,
आणि आत एक शीर, बाईंनी पिवळी रंगवलेली.
"पिवळीच का?"
"दुसरा रंगही देता येतो."
म्हटलं, राहू द्या.

हिरडी चिरायची नाही, म्हणाल्या, टाके नाहीत.
कोन, खोली, हाड कुठं जाड, सगळं आधी कॉम्प्युटरवर.
त्यावरून एक साचा छापून येईल, काचेसारखा, चार भोकांचा.
ड्रिल तेवढ्यातूनच जाणार,
इकडंतिकडं बघायची त्याला परवानगी नाही.

मला हरिपूरची पेवं आठवली.
वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड,
खाली खोलीएवढा अंधार, शेकड्यानं पोती.
वरची माती तशीच, तिच्यावरून बकऱ्या चालायच्या.
वडील आधी दोरीला कंदील सोडायचे.
तो जळत राहिला, तर मग मला.
पुढं एका पुरात आमचं पेव बुजलं.
बाईंचा कंदील मात्र
माझ्या जबड्यात आदल्या रात्रीच उतरून आला होता.

मंगळवारी सकाळी ओठ कुणा परक्याचे झाले.
साचा बसवला, पिनांनी आवळला.
गार पाण्याची धार. घरघर,
कानातून नव्हे, हाडातून येणारी,
लांबच्या गल्लीत गिरणी चालू असावी तशी.
एक. दोन. तिसऱ्याला जरा वेळ लागला.
चौथ्याला बाईंनी छोटा पाना लावला,
सावकाश फिरवला,
आणि पाना म्हणाला
कट्.

मी डोळे उघडले.
"पस्तीसच्या वर," बाई मदतनिसाला म्हणाल्या, "आजच दात देऊ."
तोंडात साचा, बोलता येईना.
म्हणून हिरव्या कापडाखालून हात काढून
बोटं दाखवली, पूर्वी सौद्यात रुमालाखाली धरायचो तशी:
माल पक्का.
त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी ती बोटं
परत कापडाखाली ठेवली.

संध्याकाळी दात बसले. तात्पुरते, पण हलेनात.
"तीन-चार महिने मऊ भात, केळं. हळकुंड नाही."
"एकसुद्धा?"
"हाडाची आणि स्क्रूची ओळख व्हायची आहे अजून."
वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी
माझ्या तोंडात नवे शेजारी, आणि मी मध्ये बोलायचं नाही.

बुधवारी यार्डात उभा राहिलो.
"चौदा हजार शंभर!"
एकेक अक्षर जागच्या जागी.
मल्लूनं पोतं खाली ठेवून माझ्याकडं बघितलं.

पुढच्या ढिगातलं हळकुंड उचललं.
हात सवयीनं ओठापर्यंत गेला
आणि तिथंच राहिला.
मल्लूची रेवती काट्याजवळ पावत्या लिहीत होती.
"ये गं. तोड हे."
तिनं पेन कानावर खोचलं, हळकुंड दाढेत धरलं.
मी डोळे मिटले, मान तिरकी केली.
पंख्याची खरखर. कुठंतरी टेम्पो मागं घेत होते.

"ओलं आहे," ती म्हणाली,
मी तोंड उघडायच्या आत.
आणि मालवाला
दुसरीकडं बघू लागला.